सोळा घरांचं पन्हं

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झाला, पण एका दुपारी सोळा घरांची पोटं एकदम बिघडवण्याचा पराक्रम एकदाच. तोही हळदीकुंकू लावून, गुलाबपाणी शिंपडून, “आणखी अर्धा पेला घ्याच हं” असा आग्रह करकरून. तेव्हा मी साठीची होते. म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळाला होता, नाही असं नाही. तो मी कशात घालवला कोण जाणे. नातवंडं विचारतात, “आजी, तू लहानपणी कधी चुकायचीस का गं?” मी म्हणते, “बाळांनो, लहानपणी मी शहाणी होते. साठीला बिघडले.”

पण ही गोष्ट माझी नाही, गांगुर्डे सिस्टरची आहे. मी तिच्यात अधूनमधून नको तिथे कडमडते, इतकंच.

शालन गांगुर्डे ही आमच्या पंचवटीतल्या भागाची आरोग्यसेविका. चाळिशीची, ठेंगणी, चालायला अशी चपळ की तिच्या मागून जिना चढणाऱ्याला धाप लागावी. खांद्याला निळी पिशवी, बारा महिने पायात रबरी चपला. मूळची इगतपुरीची, वडील रेल्वेत. “आमच्याकडे घाटमाथ्यावर चार चार महिने कपडे वाळत नाहीत काकू,” ती सांगायची, “शाळेत आम्ही ओल्याच फ्रॉकमध्ये पाढे म्हणायचो. पावसाची ओळख मला कुणी करून द्यायला नको.” नवरा सातपूरला कारखान्यात पाळीवर, घरही तिकडेच. रविवारी वस्तीतल्या बुद्धविहारात मुलं जमली की ही त्यांना आधी हात धुवायला लावायची आणि मगच बाकीचं काय ते सुरू व्हायचं.

कुणाच्याही घरी ती आली की आधी बसायची नाही. थेट स्वयंपाकघर गाठायची. पिशवीतून काचेची बोटभर नळी काढायची, माठातलं किंवा नळाचं पाणी तीत धरायची, वरून औषधाचा एक थेंब सोडायची आणि नळी खिडकीतल्या उजेडात धरून एक डोळा मिटून बघायची. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. पिवळं झालं की तिचा चेहरा उजळायचा. “झालं पिवळं. टाका चहा!” असं म्हणून ती ऐसपैस मांडी घालून बसायची. पाणी तसंच राहिलं, की पिशवीची चेन ओढायची आणि उभ्याउभ्याच म्हणायची, “आज माझा चहा नाय. आधी पाण्याचं बघा.”

पहिल्यांदा ती आमच्याकडे आली तेव्हा तिने माझ्या माठात नळी घातलेली बघून मला संतापच आला होता. मी म्हटलं, “अहो सिस्टर, आमच्याकडे फिल्टर आहे, चांगला महागाचा!” ती शांतपणे म्हणाली, “फिल्टर तुमचा महागाचा आहे काकू, पोट तर सगळ्यांसारखंच आहे ना?” मी गप्प. मला गप्प करणारी माणसं नाशकात फार नाहीत. आमचे हे तर आतल्या खोलीत मोठ्याने हसले, त्याचा राग मी त्यांच्यावर संध्याकाळपर्यंत काढला.

भाचीच्या लग्नात म्हणे तिने जेवणावळीआधी केटररच्या पिंपात नळी बुडवली होती. नवरीची मावशी, जरीचं लुगडं, नाकात नथ, आणि एक डोळा मिटून नळी उजेडाला धरलेली. वरपक्षाला वाटलं हा या घराण्यातला कसला तरी विधी आहे. दोघातिघांनी हात जोडले. “मग मी पण डोकं हलवलं,” सिस्टर सांगायची, “म्हटलं जोडा, जोडा, पाण्याला हात जोडलेलं चांगलंच.”

तिचं बोलणं सगळं असं. पण एका विषयावर ती गंभीर व्हायची. आरोग्यकेंद्रातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी मोसमातला जुलाबाचा पहिला पेशंट येईल त्या तारखेला ती लाल गोल करायची. जुनी कॅलेंडरं तिने टाकली नव्हती, सुतळीत ओवून खिळ्याला टांगून ठेवली होती. एकदा मला दाखवली. “हे बघा. पूर्वी आमचं वेळापत्रक कसं शाळेसारखं होतं. मृग लागला की जुलाब, श्रावणात कावीळ, दसऱ्याला सुट्टी. आता हा गोल बघा, चैत्रात. हा बघा, दिवाळीच्या फराळात. पावसालाच महिना राहिला नाय, तर रोगाला कुठून राहणार?”

मी म्हटलं, “पाऊस काय, आज जरा जास्त, उद्या जरा कमी.”

“तसं नाय काकू. आमच्या इगतपुरीला पाऊस दिवसरात्र पडायचा, पण संथ. गटारांना वेळ मिळायचा. आता दोन महिने कडकडीत ऊन पडतं, नळ कमी वेळ येतो. पाइप रिकामा पडला की तो बसतो शोषत, फटीतून येईल ते आत घेतो. आणि मग एका तासात पाऊस असा कोसळतो की गटार आणि टाकी एकमेकांच्या घरी जेवायला जातात. वर ही उष्णता. तुमचं विरजण थंडीत किती वेळ घेतं? आणि उन्हाळ्यात? जंतूंचं पण तसंच.”

हे ऐकून मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हा फार तरबेज होते. कानातून आत काही जायचं नाही, पण मान अशी हलायची की समोरच्याला वाटावं, बाई विदुषी आहे.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात सासूबाईंचं कॅलेंडर होतं. आमच्या घरचा नियम असा की मृग नक्षत्र लागलं की पाणी उकळायचं मोठं पातेलं माळ्यावरून खाली काढायचं, आणि दसऱ्याला ते चिंचेने घासून, सोन्यासारखं चमकवून परत वर ठेवायचं. तेवढ्या दिवसांत कच्च्या पाण्याचा थेंब घशाखाली नाही, आणि एरवी कितीही. सासूबाई गेल्या, त्यांच्या काळातला पाऊसही गेला, पण पातेलं आपलं मृगाला खाली आणि दसऱ्याला वर. माझ्या मते ते शास्त्रच होतं.

त्या वर्षी चैत्रात मंगळवारी दुपारी चारला आभाळ काळं झालं आणि गारांसकट असा पाऊस झाला की तासाभरात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी. गल्लीतलं गटार उलटं वाहत होतं. आमची जमिनीखालची पाण्याची टाकी तिथेच, पार्किंगच्या कोपऱ्यात, आणि तिचं झाकण एका बाजूने तुटलेलं. ते कित्येक महिने तुटलेलं होतं, आणि त्यावर विटेचा एक तुकडा ठेवून आम्ही सोळा घरं सुखाने नांदत होतो. बुधवारी सकाळी लख्ख ऊन पडलं, पार्किंग वाळलं आणि सगळे विसरले.

सिस्टर विसरली नाही. बुधवारीच आली. घराघरांत कुणी नव्हतं, कामाला गेलेले. मीच सापडले. तिने नळाला नळी लावली, थेंब टाकला. पाणी होतं तसंच राहिलं. तिने पुन्हा एक थेंब टाकला. तरी तसंच. “काकू, कालचं गटार टाकीत उतरलंय. टाकी उपसून, धुवून, औषध टाकून घ्या. तोवर पाणी उकळूनच. आणि सोळाही घरांना आजच्या आज सांगा. सांगाल ना?”

मी मान डोलावली.

माझ्यासमोर परातीत वीस कैऱ्या होत्या. शुक्रवारी माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. इमारतीतल्या सगळ्या बायका, त्यांची पोरं. माझं सगळं लक्ष आंबेडाळीला हरभऱ्याची डाळ किती भिजवायची याच्यात. मी उलट तिलाच म्हटलं, “शुक्रवारी ये हं पन्ह्याला.” ती हसली. “हळदीकुंकवाला नाय यायची मी, पण पन्ह्याला येईन. ड्युटी सुटली तर.” ड्युटी सुटली नाही. सुटली असती तर तिने माझ्या पातेल्यात नळी बुडवली असती, आणि हे लिहायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

शुक्रवारी दुपारी वीज गेली. फिल्टर बंद. आमचे हे म्हणाले, “अगं, पाणी उकळून घे ना. सिस्टर काहीतरी म्हणाली होती म्हणतेस.” मी त्यांना जे उत्तर दिलं ते आमच्या घरात अजून मला ऐकवलं जातं. मी म्हणाले, “हा चैत्र आहे, आषाढ नाही!” आणि नळाखाली पातेलं लावलं. कैऱ्या मात्र मी नीट उकडल्या होत्या. गर गाळला, वेलदोडा, केशर, चवीला मीठ, सगळं मापात. उकळायचं होतं ते पाणी तेवढं राहिलं.

पन्हं झकास झालं. तळमजल्यावरच्या कुलकर्णी आजी दोन पेले प्यायल्या. पोरांनी तर पातेल्याच्या तळाशी पळी खरवडली. संध्याकाळी उरलेलं आमच्या ह्यांनी संपवलं.

शनिवारी सकाळपासून इमारतीत दारं वाजायला लागली. आधी एका घरी, मग वरच्या मजल्यावर, मग सगळीकडेच. मला स्वतःला न्हाणीघरातून बाहेर यायची सवड नव्हती, पण भेटेल त्याला मी सांगत होते, “ऊन लागलं हो मला, ऊन!” ह्यांनाही ऊनच लागलं होतं, ते दिवसभर घरात बसून होते तरी. दुपारपर्यंत हे सगळं थोडं गमतीचं होतं. मग कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या ओवीला दवाखान्यात नेऊन सलाईन लावलंय. पोर डोळे उघडेना झाली होती. त्यानंतर मला हसू आलं नाही, आणि पोटातली कळ कशाची, ते मला नीटच कळलं.

सिस्टर तिच्या निळ्या पिशवीतून मीठ-साखरेची पाकिटं वाटत घरोघर फिरत होती. आमच्याकडे आली. अंगातलं पाणी किती उतरलंय ते माझ्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून बघितलं, मला पेलाभर द्रावण पाजलं आणि वही उघडून विचारलं, “काकू, शुक्रवारच्या पन्ह्याचं पाणी उकळलेलं होतं ना?”

“म्हणजे काय!” मी म्हणाले. इतक्या ठसक्यात की मलाच क्षणभर खरं वाटलं.

तिने वहीत काही लिहिलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि “पाणी पीत राहा, उकळलेलं,” म्हणून पुढच्या दाराकडे गेली.

इकडे इमारतीने गुन्हेगार शोधून काढला होता. गल्लीच्या तोंडाशी भटूभाऊचा पाणीपुरीचा गाडा. भटूभाऊ सटाण्याकडचा, बारा वर्षं त्याच कोपऱ्यावर उभा. सिस्टरने त्यालाही सोडलं नव्हतं, रोज सकाळी पाणी उकळून, गार करून, वर क्लोरीनचं औषध घालून झाकलेल्या पिंपात आणल्याशिवाय त्याला गाडा लावायची सोय नव्हती. शनिवारी तिने त्याच्या पिंपात नळी धरली. पिवळंधमक. पण इमारतीला नळी नको होती, गाडा हवा होता. आमचे सेक्रेटरी बोरसे यांनी अर्ज लिहिला, गाडा हटवावा. सोमवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक, तिथे सोळाही घरांनी सह्या करायच्या.

सोमवारी सगळे खुर्च्या घेऊन पार्किंगमध्ये जमले. निम्म्यांचे चेहरे उतरलेले. भटूभाऊला बोलावलं होतं, तो खांबाशी उभा. त्याने एकदाच तोंड उघडलं. “मन्हं पानी चांगलं शे,” तो म्हणाला, आणि खाली बघत राहिला. बोरसे म्हणाले, “ते तू म्हणणारच.”

सिस्टर टाकीच्या तुटक्या झाकणाशी उभी होती. “साहेब, मला एकच सांगा,” ती म्हणाली. “कुलकर्णी आजी आजारी आहेत. त्या पाणीपुरी खातात?”

“मला दात कुठेत?” आजी म्हणाल्या.

“बरं. तुमच्या प्रत्येक घरी फिल्टर आहे. नळाचं कच्चं पाणी कुणी पीत नाय. मग या टाकीतलं कच्चं पाणी सोळा घरांच्या पोटात एकदम गेलं कसं? टाकी खराब आहे हे मला माहीत आहे. पण तुम्ही गाड्यावर सही करून घरी जाल, टाकी तशीच राहील, आणि पुढच्या वेळी फिल्टर बंद पडला की एखादी ओवी परत येणार नाय.”

बोरसे म्हणाले, “सिस्टर, टाकीचा विषय नंतर. आधी सह्या.” आणि अर्ज फिरायला लागला.

तो माझ्या हातात आला. पेनही आलं. मला अजून आठवतं, पेनाचं टोपण चावलेलं होतं. मी कागदाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, सही कर आणि सुट. साठ वर्षांची अब्रू आहे. कोण विचारणार आहे? मग मी खांबाशी उभ्या माणसाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. बारा वर्षं माझ्या नातवंडांना त्याने एक पुरी वर फुकट दिली होती.

मी उठले. गुडघा कटकन वाजला, सगळ्यांनी वळून बघितलं. म्हटलं, बरं झालं, आता बसताही येणार नाही.

“पन्ह्याचं पाणी मी नळाचं घातलं होतं,” मी म्हणाले. “कच्चं. आणि सिस्टरने बुधवारीच मला बजावलं होतं, सगळ्यांना सांगा म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही. मी कैऱ्या किसत होते.”

ओवीची आई दवाखान्यातून नुकतीच आली होती. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने काही बोलावं असं मला फार वाटत होतं, पण ती बोलली नाही. शेवटी कुलकर्णी आजीच बोलल्या. “तरी काय गं,” त्या सुस्कारा सोडून म्हणाल्या, “पन्हं मात्र फर्मास झालं होतं!” कुणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी कुणी. बोरशांनी अर्जाची घडी केली, पुन्हा केली, खिशात घातली आणि भटूभाऊला म्हणाले, “बस रे, उभा का आहेस?”

मंगळवारी टाकी उपसली. तळातून जे निघालं त्याचं वर्णन मी करणार नाही, ह्यांनी त्या दिवशी जेवण सोडलं. टाकीला हातभर उंच विटांचा कठडा आणि लोखंडी झाकण झालं. ओवी गुरुवारी घरी आली, आणि तिची आई माझ्याशी पुढचे दोन महिने बोलली नाही. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

गेल्या वर्षी सिस्टरची बदली इगतपुरीकडे झाली. फोन येतो, भर वैशाखातही येतो. “काकू, इकडे आज ढगफुटीसारखा पडलाय, तुमच्याकडे येईल संध्याकाळी, झाकणं बघा,” एवढंच बोलून ठेवते. कशी आहेस, बरी आहेस ना, हे विचारायच्या आतच.

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची गोष्ट. बैठक उठली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, कारण वर जायचं म्हणजे आठ दारांवरून जायचं. सिस्टर येऊन शेजारी बसली.

“तुला केव्हा कळलं?” मी विचारलं.

“शनिवारीच. ‘म्हणजे काय’ म्हणालात ना, तेव्हा.”

“मग तिथल्या तिथे बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर तुम्ही गौरीची शपथ घेऊन नाकारलं असतं. मग तुमचं खोटं पक्कं झालं असतं, माझं खरं कच्चं राहिलं असतं.”

मी म्हटलं, “आता महिनाभर मी काही घराबाहेर पडत नाही बाई. कोणत्या तोंडाने पडू?”

तिने माझा हात धरून मला उठवलं, पिशवी खांद्याला लावली, आणि ती जे म्हणाली ते एक अक्षर इकडचं तिकडे न करता लिहिते:

“घरात बसायचं नाय काकू. इतकी वर्षं मी दारोदार सांगते, चैत्रातही पाणी उकळा, तर लोक म्हणतात, ही सरकारी बाई, हिला बोलायचा पगार मिळतो. तुमचं आता सगळ्या गल्लीत नाव झालंय, तुमचं ऐकतील. उद्या सकाळी नऊला चपला घालून तयार राहा.”